सोबत कोण बसणार?

निवृत्त माणसाला लोक तब्येत विचारतात, पेन्शन विचारतात, मुलगा कुठे असतो ते विचारतात. मला शुक्रवार उजाडला की विचारतात, "मॅडमजी, या शनिवार-रविवारी काय पाहायचं?" माझी तब्येत ठीक आहे, हे माझं मीच सांगून टाकते आणि कामाकडे वळते.

बुऱ्हाणपुरातल्या एका मराठी वाचनालयात माझी सगळी नोकरी गेली. मध्य प्रदेशात मराठी वाचनालय म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे भुवया उंचावतात. आमच्याकडे त्याचं कोणाला नवल नाही. घरात आजी मराठीत रागावते, नातवंडं हिंदीत उलट उत्तर देतात, आणि रावेर-जळगावकडून आलेली सून दोघांना कळेल अशा भाषेत दोघांची समजूत काढते. अशा गावात पुस्तकं द्यायची म्हणजे कपाट उघडून भागत नाही, घर उघडून पाहावं लागतं.

वाचनालयाच्या दारात एक फळा होता. त्यावर रोज सुविचार लिहायचा, अशी परंपरा. तो कोणी वाचत नसे. एकदा मी तोच सुविचार आठवडाभर ठेवून पाहिला, एकाही माणसानं तक्रार केली नाही. मग एका शनिवारी मी तो पुसला आणि लिहिलं, "या शनिवार-रविवारी." खाली एक सिनेमा, एक पुस्तक, टीव्हीवरची एक मालिका आणि ऐकायला काहीतरी. प्रत्येकापुढे एकच ओळ, तीही कथा न फोडता. दुपारपर्यंत फळ्यापुढे सायकली थांबायला लागल्या. आमचे अध्यक्ष संध्याकाळी आले आणि म्हणाले, "बाई, वाचनालयात सिनेमाची जाहिरात?" मी म्हटलं, "साहेब, सिनेमाचं नाव वाचायला आलेली चार माणसं आत येऊन पुस्तक घेऊन गेलीत." त्यांनी चष्मा वर करून फळा पुन्हा वाचला, आणि जाताना हळूच विचारलं, "ही मालिका किती वाजता लागते?"

तेव्हापासून हे माझं दुसरं काम झालं, आणि खरं सांगायचं तर पहिल्याहून जास्त आवडतं. नंतर मोबाइल आले, फळ्याचा फोटो ग्रुपवर जायला लागला, बुऱ्हाणपूरहून इंदूरला आणि तिथून कुठे कुठे गेला. लोकांना वाटतं यात काय, आपल्याला आवडलं ते दुसऱ्याला सांगायचं. तसं केलं तर दुसऱ्या आठवड्यात कोणी दारात उभं करणार नाही. माझी आवड माझ्याजवळ. दुसऱ्याला काय रुचेल हे ओळखणं हा धंदा निराळा आहे.

"तुम्हाला काय आवडतं?" हे मी कधीच विचारत नाही. त्यावर माणूस खोटं बोलतो. मुद्दाम नाही, पण बोलतो. एक बँकेतले साहेब होते, कायम म्हणायचे, "गंभीर, वैचारिक असं काही द्या." जाड जाड पुस्तकं घेऊन जायचे आणि जशीच्या तशी परत आणायचे, पान क्रमांक वीसला मी मुद्दाम ठेवलेली खूण तशीच. त्यांच्या पत्नीकडून कळलं, साहेब रोज जेवताना नागिणीची मालिका बघतात आणि ती चुकली तर जेवत नाहीत. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. तेव्हापासून मी त्यांना नागलोकातल्या अद्भुत कथा द्यायला लागले, वर्तमानपत्रात गुंडाळून. एकही पुस्तक अर्धवट परत आलं नाही.

मी विचारते ते दोन प्रश्न. पहिला, मागचं काय अर्ध्यावर सोडलं? माणूस काय सोडतो त्यावरून जितका कळतो तितका काय संपवतो त्यावरून कळत नाही. दुसरा प्रश्न, सोबत कोण बसणार? हा सगळ्यात महत्त्वाचा. कारण आमच्याकडे घरात माणसं असतात सात आणि टीव्ही असतो एक. एकट्यानं पाहिलेला चांगला सिनेमा सासूबाईंशेजारी बसून पाहिला की त्याच सिनेमात घाम फुटतो. "घरात सगळ्यांसमोर लावता येईल ना?" असं बायका आडून विचारतात, आणि मी "हो" म्हटलं म्हणजे ते मी स्वतः आधी शेवटपर्यंत पाहिलेलं असतं. या बाबतीत मी कोणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. एकदा विसंबले होते, त्या घरचे पाहुणे मधल्या वेळात उठून गेले म्हणतात.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. केळीच्या व्यापारातले एक शेठ होते, त्यांची अट एकच, कोणी मरता कामा नये. "हप्ताभर बाजारात पडझडच बघतो मॅडमजी, इतवारी माणूस पडताना नको." असा सिनेमा शोधणं किती अवघड आहे, ते शोधायला बसल्याशिवाय कळत नाही. नायकाचा बाप तरी जातोच. निवृत्त झालेले एक गणिताचे सर शेवट आधी विचारून घ्यायचे. शेवट कळला की निश्चिंत बसून उत्तर कसं आलं ते पाहायचे, आणि एखादी पायरी गाळली असेल तर सोमवारी येऊन माझ्याशी भांडायचे.

गाण्याचं शास्त्र मला पावरलूमवाल्यांनी शिकवलं. आमच्या गावात अर्ध्या गल्ल्यांमधून मागाचा खडखडाट येतो. तिथे काम करणारी माणसं कानात यंत्रं घालून गाणी ऐकतात, आणि मी सुरुवातीला त्यांना चांगली ठेक्याची गाणी सांगत असे. एकानं समजावलं, "मॅडमजी, ठेका तं मागच देतो. तबला त्याच्यात बुडून जातो. आम्हाला बासरी सांगा, सनई सांगा, नाहीतर उंच गळ्याचं कोणी." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऐकणारा कुठे बसला आहे हे माहीत नसेल तर गाणं सांगून उपयोग नाही. मला वाटलं हा धडा मी पक्का शिकले. तो अर्धाच शिकले होते, हे वामनभाऊंमुळे कळलं.

वामनभाऊ जवळच्या निंबोला गावचे. केळीची गाडी बाजारात लावली की परतताना वाचनालयात येत, पेपर वाचत आणि शिकारीचं किंवा जंगलातलं एखादं पुस्तक नेत. शेती हाती यायच्या आधी, तरुणपणी, त्यांनी बुऱ्हाणपुरात बरीच वर्षं मागावर काढली होती, त्यात एक कान पार गेला आणि दुसरा जेमतेम उरला. त्यांच्याशी बोलताना समोर बसावं लागे, ते डोळे माझ्या तोंडावर रोखून ऐकत. मागावरच्या माणसांना ही सवयच असते, खडखडाटात एकमेकांचे ओठ वाचायची.

मागच्या वर्षी त्यांची पत्नी गेली. महिन्याभरानं ते आले तेव्हा पुस्तक घेतलं नाही. म्हणाले, "टीव्हीचं काही सांगा मॅडमजी. गणेशनं मोठा टीव्ही घेऊन देला हाये, त्याच्यात सगळं लागते. मगर लावणारी तीच होती. आता मले काय लावावं समजत नाही."

गणेश म्हणजे त्यांचा मुलगा, गुजरातेत एका कंपनीत कामाला. घरी राहत होते ते वामनभाऊ आणि गणेशची बायको मनीषा.

मी नेहमीचं विचारलं, "सोबत कोण बसणार?"

"कोन बसणार? मी एकलाच."

मला बरं वाटलं, काम सोपं झालं. कान अधू, नजर चांगली, जंगलाची आवड. मी त्यांना डोंगरात एकट्या राहणाऱ्या मेंढपाळाचा एक सिनेमा सांगितला. त्यात माणसं जवळजवळ बोलतच नाहीत. सगळं डोळ्यांनी कळतं. पुढच्या शनिवारी ते खूश होऊन आले. "एकदम सही पिच्चर. असेच सांगत जा." मीही मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली आणि असेच सांगत गेले. बर्फाचे, वाळवंटाचे, समुद्राचे.

पावसाळा संपता संपता एकदा ते आले आणि पेपर नुसताच हातात धरून बसले. वाचनालयात गर्दी नव्हती. मी समोर जाऊन बसले.

गणेशला कंपनीनं राहायला खोल्या दिल्या होत्या. दिवाळीनंतर बायकोला तिकडे न्यायचं त्याच्या मनात होतं. मनीषानं नाही म्हणून सांगितलं. बाबांचं जेवणखाण कोण बघेल, असं तिचं म्हणणं. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, त्यात नवराबायको एकत्र राहिले ते सणावारापुरते.

"सगळं निंबोलं म्हणून राह्यलं, सून असावी तं अशी," वामनभाऊ म्हणाले. "मले मात्र झोप नाही. ती मनानं राहते का माझ्यापायी राहते, हे समजाले नको? तिनं मन मारून राह्यलं अन् मी तिच्या हातचं जेवलो, तं ते अन्न मले पचन का?"

"मग विचारा की तिला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कोणाकडून इचारू? इचारणारीच गेली ना."

हे बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या घरांत सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. तोंडावर पदर, समोर बसणं नाही. मधे सासू असते, तिच्यामार्फत सगळा कारभार. "तिला म्हणा, चहा टाक." "त्यांना म्हणावं, दूध संपलंय." दोघं एकाच खोलीच्या दोन टोकांना असले तरी निरोप सासूवरून जाणार. यात राग नसतो, लोभ नसतो, नुसती रीत असते. आणि सासू गेली की दोन माणसांमधला रस्ताच बंद. शेजारणीला मध्ये घ्यावं तर संध्याकाळपर्यंत गावात भोंगा वाजायचा. गणेश फोनवर तिला विचारत होता, पण नवऱ्याला ती दुसरं काय सांगणार? सासऱ्यांना टाकून येते, असं कोणती सून म्हणते?

आता यात माझा काय संबंध? पण मी पडले शिफारशी करणारी. मला वाटलं, यालाही औषध आपल्या कपाटात असेल. एक कौटुंबिक सिनेमा मला माहीत होता, त्यात म्हातारा सासरा सुनेला स्वतः गाडीत बसवून देतो. मी वामनभाऊंना म्हटलं, "या रविवारी हा लावा. आवाज घरात जाऊ द्या. तुम्हाला जे बोलता येत नाही ते सिनेमा बोलेल." मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

पुढच्या शनिवारी ते आले ते नाराज. "अर्ध्यातच बंद केला मॅडमजी. असं कसं लावू घरात? तिले वाटेल, बाबा टीव्हीतून टोमणा मारू राह्यले, जा म्हणून."

घरोघरी काय लावलं यावरून टोमणे मारले जातात, हे मला नवं नव्हतं. सुना त्रास देतात अशी मालिका सासूनं मुद्दाम मोठ्यानं लावलेली मी स्वतःच्या माहेरी पाहिली आहे. तरी मी चुकले. दोन माणसांच्या मधे शहाणपणा ठेवायला गेलं की तो कोणाच्या तरी पायात येतोच.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, एक तरुण बाई फळ्यापुढे उभी राहिलेली दिसली. डोक्यावरून पदर, एका गालाला सूज. शेजारणीबरोबर दाताच्या डॉक्टरकडे आली होती, शेजारण औषध आणायला गेली होती. फळा वाचून झाला तशी आत आली.

"तुमीच का पिच्चर सांगणाऱ्या मॅडमजी? मी निंबोल्याच्या वामनभाऊंची सून."

मी तिला बसवलं. बसायला तयार नव्हती, मग खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. दात दुखत होता तरी बोलण्याची हौस दांडगी. घरात बोलायला माणूस नसेल तर असं होतं. सासूबाई गेल्यापासून बाबा कसं करतात, ते तिनं हसत हसत सांगितलं. गोठ्यात एक गोऱ्हा आहे. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि त्याला सांगतात, "आज वांग्याची भाजी झाली असती तं बरं झालं असतं." ती आतून ऐकते आणि वांगी चिरायला घेते. मग तीही भांडी घासताना, कोणाला उद्देशून नाही असं, मोठ्यानं म्हणते, "साखर संपली वाटते." संध्याकाळी साखर येते. पण बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे साखरेऐवजी एकदा साबणही आला.

आणि मग म्हणाली, "तुमी सांगता ते पिच्चर बाबांले लय आवडतात. मगर मॅडमजी, त्याच्यात आवाजच नसते. पहिल्या खेपेले मले वाटलं टीव्हीच बिघडला."

"तू पण बघतेस?"

"बघत नाही. ऐकते. आमच्या मधल्या दाराले पडदा हाये, त्याच्या मागं उभी राह्यते. लग्न झाल्यापासून तसंच. सासूबाई लावायच्या तवा मजा यायची, त्यांच्या मालिकेत सगळे बोलायचे. आता तं वारा वाह्यते, पाऊस पडते, पाखरू ओरडते, अन् पिच्चर संपून जाते."

इतकी वर्षं "सोबत कोण बसणार" म्हणून लोकांना विचारलं, आणि उभं कोण राहणार हे एकदाही विचारलं नाही. माझी आईसुद्धा रेडिओ स्वयंपाकघरातूनच ऐकायची. गाणं लागलं की कढईतला झारा थांबायचा, एवढंच बाहेर कळायचं. ते आठवलं आणि स्वतःचाच राग आला.

मनीषा फळ्याकडे पाहत होती. "एक होता चांगला, लय बोलत होते त्याच्यात. सासरा अन् सून होती. बाबांनी अर्ध्यातच बंद केला." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "त्या सुनेचं पुढं काय झालं, मॅडमजी? गेली का ती?"

शेवट मला ठाऊक होता. जिभेवर आला होता. पण एकदा शहाणपणा करून पोळले होते. मी म्हटलं, "तुला काय वाटतं, जावं का तिनं?"

"मले काय वाटणार," ती म्हणाली आणि उठली. शेजारण आली होती.

त्या आठवड्यात मी माझ्या कामाचा असा विचार केला, जसा कित्येक वर्षांत केला नव्हता. एक माणूस बघतो, त्याला ऐकू येत नाही. एक बाई ऐकते, तिला दिसत नाही. दोघं मिळून एक पुरा प्रेक्षक. मग दोघांना मिळूनच कळेल, एकट्याला कळणारच नाही, असं काही पाहिजे. उपदेश नको, सासरा नको, सून तर नकोच नको.

एक रहस्यमालिका होती. एका गावच्या देवळातून देवीचा मुकुट नाहीसा होतो आणि गावातला प्रत्येक माणूस खोटं बोलत असतो. निम्मे धागे दिसण्याचे, कोणाच्या चपला ओल्या, कोणाचा हात भाजलेला. निम्मे ऐकण्याचे, आज एक बोलला, परवा दुसरंच बोलला. शनिवारी वामनभाऊ आले तेव्हा मी तिचं नाव कागदावर लिहून दिलं आणि त्यांच्या समोर बसून, ओठ नीट दिसतील असं, सांगितलं, "आवाज मोठा ठेवा. दारापर्यंत जाईल इतका."

"दारापर्यंत?"

"मधल्या दारापर्यंत. पडद्यामागे मनीषा उभी असते. ती ऐकते."

त्यांचा चेहरा उतरला. "पडद्याखाली पावलं दिसायची," ते हळू म्हणाले. "मले वाटे, ती जेवायचं इचाराले थांबली. म्हणून कधी कधी मी टीव्ही बंद करून उठून जायचो."

म्हणजे बिचारीचे कितीतरी सिनेमे सासऱ्यांच्या भल्या मनानं अर्ध्यावर मोडले होते. मी म्हटलं, "तिला समोर बसायलाच सांगा ना."

"सांगू कसं? अन् ती बसली तं मलेच बसवणार नाही. सवय नाही मॅडमजी." हे त्यांनी इतक्या सरळपणानं सांगितलं की मी तो विषय तिथेच सोडला.

पुढचं मला त्यांच्याकडून हप्त्याहप्त्यानं कळत गेलं, मालिकेसारखंच. पहिल्या रविवारी देवळाचा पुजारी काहीतरी बोलला आणि सगळी पात्रं दचकली. वामनभाऊंना ती दचकलेली दिसली, बोलणं कळलं नाही, आणि पुजारी पाठमोरा, त्यामुळे ओठही नाहीत. त्यांना राहवेना. ते टीव्हीकडे बघूनच म्हणाले, "काय म्हणला तो?" गोऱ्हा गोठ्यात होता, तेव्हा हे कोणाला विचारलं ते उघडच होतं. थोडा वेळ काही नाही. मग पडद्यामागून उत्तर आलं. ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा मनीषा जोरात ओरडली, "किल्ली विहिरीत टाकली म्हणते!" शेजारच्या घरातून कोणीतरी विचारलं, "कोनाची किल्ली?"

तिथून रस्ता खुला झाला. मग ती विचारायला लागली, "आता काय झालं? सगळे गप काहून झाले?" आणि वामनभाऊ सांगत, "मुनीमच्या चपला ओल्या हायेत!" तिचा संशय पुजाऱ्यावर, यांचा मुनीमावर. भांडण सोमवारी सकाळी चहाच्या वेळीही चालू. मधे पडदा होताच, पण गोऱ्ह्याची नोकरी सुटली. वामनभाऊ हे सांगताना माझ्या टेबलावर हात मारून हसले, वाचनालयात हसायचं नसतं हे विसरून. मीही विसरले.

मालिका संपली तो आठवडा दिवाळीच्या आधीचा. पुढच्या शनिवारी ते आले आणि हिशेब चुकल्यासारखा चेहरा करून बसले. मी विचारलं, "चोर कोण निघालं?" खरं तर मला माहीत होतं.

"पुजारीच. ती जिंकली." थोडं थांबून म्हणाले, "मालिका संपली अन् मोठी पंचाईत झाली मॅडमजी. 'काय म्हणला' इचाराले कोणी म्हणणारंच उरलं नाही. टीव्ही बंद. पडद्याखाली पावलं तशीच. मंग मी बंद टीव्हीकडं पाहूनच इचारलं, पोरी, गणेशकडं जायचं का तुले?"

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"ती काहीतरी बोलली. मले ऐकू नाही आलं. मोठ्यानं सांग म्हटलं. चोर कोन ते गल्लीले ऐकू जाईल असं ओरडणारी पोरगी, मगर आता तिचा आवाजच निघेना. मंग मीच म्हटलं, बाहेर ये. समोर उभी राह्य. मी मागावर होतो, मले ओठ वाचता येतात."

"आली?"

"आली. तोंडावर पदर. पदरातून काय वाचू? मी तसं म्हटलं नाही, मगर तिले समजलं. तिनं पदर मागं केला." वामनभाऊंनी माठाकडे पाहिलं, मी पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, "आवाज नाही काढला तिनं. नुसते ओठ हालले. 'जायचं हाये,' म्हणाली."

बाहेर फळ्यापुढे कोणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं.

"सहा वर्षं झाली लग्नाले," ते म्हणाले. "तोंड पहिल्यांदा पाह्यलं मी तिचं. फोटोत पाह्यलं होतं, तसं नाही."

मनीषा दिवाळीनंतर गेली. वामनभाऊंनी तिला स्टेशनवर सोडलं, तिनं पाया पडताना सांगितलं की डाळीचा डबा वरच्या फळीवर आहे, आणि हे सगळं थेट, मधे कोणी नाही. गावात दोन दिवस कुजबुज झाली, मग केळीचे घड उतरवायचे दिवस आले आणि लोक ते विसरले. वामनभाऊ स्वतः रांधतात. मागावर असताना शिकलेलं पिठलं ते अजून करतात, आणि माझ्या मते आठवड्यातून जरा जास्तच वेळा करतात.

त्याच हिवाळ्यात मी निवृत्त झाले. फळ्यावर आता पुन्हा सुविचार असतो, नवीन बाईंचं अक्षर सुंदर आहे. मी शिफारशी फोनवरून करते. पण वामनभाऊंना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ते शनिवारी माझ्या घरीच येतात, ओसरीत समोर बसतात आणि मी ओठ स्पष्ट हलवून नावं सांगते. रविवारी दुपारी ते निंबोल्यात आणि मनीषा गुजरातेत एकाच वेळी एकच सिनेमा लावतात. मध्ये अडलं की ती चेहरा दिसेल असा फोन करते, आणि कोण काय म्हणालं ते त्यांना ओठांनी सांगते.

परवा ते आले तेव्हा मी सवयीनं विचारलं, "सोबत कोण बसणार?" आणि माझं मलाच कसंतरी झालं, कारण त्या घरात आता बसायला एकटे तेच.

त्यांना तसं काही वाटलेलं दिसलं नाही. केळीची फणी माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "मनीषा बसते ना. तिकडं खुर्ची हाये तिच्याजवळ. फोनमधे दिसते मले. टीव्हीच्या समोर बसते, मॅडमजी. पाय वर घेऊन."